म्यूट केलेली प्रयोगशाळा

फेब्रुवारी २०२१. दुसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकलच्या मुलांचा ‘कायनेमॅटिक्स ऑफ मशिनरी’चा ऑनलाइन तास मी ठाण्याच्या माझ्या घरातून घेत होतो. विषय होता फोर बार मेकॅनिझम. स्क्रीनवर सिम्युलेशन चालू होतं. चार दांड्या, चार सांधे. एक दांडी पूर्ण फिरते, समोरची नुसती झुलते. मी एका मुलाला प्रश्न विचारला. त्यानं माइक सुरू केला आणि शांत बसलेल्या वर्गात खटाक-खटाक असा न थांबणारा आवाज घुसला. त्याचं बोलणं ऐकूच येईना. मी म्हणालो, “अरे, मागे मशीनचा आवाज येतोय. माइक म्यूट कर आणि उत्तर चॅटमध्ये लिही.” त्यानं लिहिलं. उत्तर बरोबर होतं. हजेरी लागली, तास पुढे सरकला.

तो मुलगा भिवंडीच्या पद्मानगरात राहतो. त्याच्या खोलीच्या खाली यंत्रमागांचा गाळा आहे. मी गप्प केलेला आवाज फोर बार मेकॅनिझमचाच होता. मागाचा क्रँक फिरतो, त्याला जोडलेली दांडी फणीची जड चौकट पुढेमागे झुलवते, आणि चौकट मागे गेलेली असते तेवढ्या वेळात धोटा या टोकाकडून त्या टोकाला निघून जातो. क्रँकच्या मानानं दांडी आखूड ठेवली तर चौकट मागच्या बाजूला जरा जास्त रेंगाळते आणि धोट्याला जायला वेळ मिळतो. हे मी फळ्यावर पंधरा वर्षं शिकवलं होतं. जो मुलगा या मागांच्या डोक्यावर राहत होता, त्याला मी या मेकॅनिझमचं चित्र फोनवर दाखवत होतो आणि खरी वस्तू बंद करायला सांगत होतो.

ही चूक माझी होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

कोरोनाची महामारी सरली, पण तिच्यातून निघालेला एक दावा मागे राहिला आहे. चर्चासत्रांत, माहितीपत्रकांत, मूल्यांकनाच्या अहवालांत तो वरचेवर भेटतो. दावा असा: दूरच्या विद्यार्थ्याला आता प्रयोगशाळेपर्यंत यावं लागत नाही, प्रयोगशाळाच त्याच्याकडे जाते. आभासी प्रयोग सुरक्षित असतो, स्वस्त असतो, हवा तितक्या वेळा करता येतो. मुलांच्या गुणांत फरक पडलेला नाही, म्हणजे शिकण्यातही पडलेला नाही. शिवाय खेड्यातल्या मुलाला आयआयटीतल्या मुलाइतकंच मिळतं, म्हणजे ही समताच झाली. मला हा दावा खोडायचा आहे. पण सोयीचा भाग उचलून नाही, तो जिथे सगळ्यात बळकट आहे तिथून सुरुवात करून.

बळकट भाग खरोखरच आहे. केंद्र सरकारनं २००९ साली माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि तिच्यातून ‘व्हर्च्युअल लॅब्स’ उभ्या राहिल्या. दिल्लीची आयआयटी समन्वयक, आणि बरोबर आपल्या पुण्याचं सीओईपीही. ज्या कॉलेजात एकही धड ऑसिलोस्कोप नाही, तिथल्या मुलानं निदान त्याची बटणं कुठली ती पाहिली, हे मी कमी लेखणार नाही. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या गटानं त्याहून पुढची गोष्ट केली. एक छोटी स्टीलची पट्टी, तिला तापवणारी तार, गार करणारा पंखा आणि तापमान मोजणारा सेन्सर, असा संच त्यांनी बनवला आणि तो इंटरनेटवरून कुणालाही चालवता येईल असा ठेवला. विद्यार्थी शेकडो मैलांवर असला तरी पट्टी खरोखर तापत होती. आकडे थरथरत येत होते, कारण खरी हवा खऱ्या पट्टीवरून वाहत होती. अमेरिकेतल्या एमआयटीत हेसूस देल आलामो यांनी १९९८ पासून मायक्रोइलेक्ट्रॉनिक्ससाठी हेच केलं. दूर बसून खऱ्या यंत्राशी बोलणं आणि दूर बसून यंत्राच्या चित्राशी बोलणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माहितीपत्रकं मात्र दोन्हीला एकच नाव देतात, आणि दाव्यातली पहिली गफलत इथेच होते.

दुसरी गफलत गुणांची. गुण घसरले नाहीत, हे खरं आहे. पण आपण गुण कशाला देतो? रायटअप पूर्ण आहे का, आलेख काढलाय का, निष्कर्षाचं वाक्य आहे का, ओरलला व्याख्या सांगता येते का. यातलं काहीही यंत्राला हात न लावता करता येतं. प्रात्यक्षिकाशिवाय जेवढं जमतं तेवढंच आपण तपासलं, आणि प्रात्यक्षिकाशिवाय काही बिघडलं नाही असा निकाल काढला. ज्या फुटपट्टीवर इंचाच्या खुणाच नाहीत, तिनं कापड कमी भरलं की नाही हे कसं कळणार?

जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला अभियांत्रिकीचे शिक्षक एकत्र बसले होते. दूरस्थ शिक्षण वाढत होतं आणि प्रश्न नेमका हाच होता: प्रयोगशाळा घरी पाठवायची, तर प्रयोगशाळा कशासाठी असते हे आधी ठरवायला हवं. त्यांनी तेरा उद्दिष्टं लिहून काढली. मोजमाप, प्रतिमान, प्रयोगाची आखणी, आकड्यांचं विश्लेषण ही सवयीची नावं त्यात आहेतच. पण अपयशातून शिकणं हेही आहे. हाताचं कसब आहे, सुरक्षितता आहे, आणि डोळे, कान, नाक, त्वचा यांनी मिळालेल्या माहितीवरून निर्णय घेणं हेही आहे. सिम्युलेशन यातली पहिली चार-पाच उत्तम शिकवतं. बाकीच्यांच्या वाटेला ते जाऊ शकत नाही, कारण त्याला वास नसतो, ते गरम होत नाही, आणि ते चुकायचं तर लिहिणाऱ्यानं ठरवून दिलेल्या जागीच चुकतं.

हे मला ज्यानं समजावलं तो कुठला शोधनिबंध नव्हता. पुढच्या वर्षी कॉलेज उघडलं तेव्हा मी त्या मुलाला गाठलं. त्या दिवशीच्या आवाजाबद्दल विचारलं. तो म्हणाला, “सर, या ना एकदा. खालीच आहे.” मी गेलो.

गाळ्यात बोलणं अशक्य असतं, हे भिवंडीकराला सांगायला नको. माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात. आत पाऊल टाकताच तिथल्या, माग दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या जॉबरनं मला दंडाला धरून बाजूला केलं. धोट्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा पहिला धडा. धोटा उडाला तर तो सरळ रेषेतच येतो. मग त्यांनी मला मागच्या बाजूला नेलं, जिथे ताण्याचा बीम असतो. बीमच्या कडेला साखळीचा विळखा, साखळीचं एक टोक मागाला बांधलेलं, दुसरं एका दांडीला, आणि दांडीवर लोखंडी वजन. बीम मोकळा फिरू नये, ताणा ताठ राहावा, यासाठीची ही व्यवस्था. मी पाहत असतानाच त्यांनी ते वजन दोन बोटं आतल्या बाजूला सरकवलं. का, असं मी खुणेनंच विचारलं. बाहेर चहाच्या टपरीवर आल्यावर उत्तर मिळालं: “बीम खाली होत आता है तो वजन अंदर लेना पड़ता है, नहीं तो तार टूटता है.”

हे वाक्य म्हणजे दुसऱ्या वर्षाचं अख्खं एक प्रकरण आहे. साखळीचं घर्षण बीमला जेवढं अडवतं, तेवढंच अडवत राहतं. पण सूत उलगडत जातं तसा बीमचा घेर कमी होतो. घेर कमी झाला की तेवढ्याच अडवणुकीला तोंड द्यायला धाग्यावर जास्त ओढ येते. वजन आत घेतलं नाही तर ताणा तुटायला लागतो. साखळीच्या विळख्याचं गणित आम्ही ‘बेल्ट फ्रिक्शन’ म्हणून शिकवतो. विळखा वाढला की पकड नुसती वाढत नाही, पटीनं वाढत जाते. त्या गणितात घर्षणाचा गुणांक आयता दिलेला असतो, “म्यू ०.२५ घ्या”. जॉबरच्या आयुष्यात तो कुणी देत नाही. पावसाळ्यात तो वेगळा असतो आणि मे महिन्यात वेगळा. साखळी धक्के देत सुटायला लागली की ते तिच्यावर शंखजिऱ्याची पूड टाकतात. गाळ्यात असताना मी साखळीवर हात ठेवून पाहिला होता. धक्का बोटांना कळतो, डोळ्यांना दिसत नाही.

आता सिम्युलेशनच्या बाजूनं कुणी म्हणेल, हेही संगणकावर दाखवता येईल. येईल. घेर कमी होताना ओढ वाढते हा आलेख छान काढता येईल, आणि गाळ्यात जाण्याआधी मुलानं तो पाहिला तर त्याचं पाहणं धारदार होईल. तेवढ्यासाठी ते मला हवंच आहे. पण संगणकात शंखजिरं कधी टाकायचं हे आधी कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. गाळ्यात ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. इंजिनिअरचं काम तिथून पुढे सुरू होतं.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींचीही माझ्यावर नाराजी ओढवून घेतो. ऑनलाइनच्या विरोधात बोललं की बरेच सहकारी खूश होतात. त्यांना वाटतं, मी जुन्या प्रयोगशाळेची बाजू घेतोय. मी ती घेत नाही. एका लेथभोवती तीस मुलं, इन्स्ट्रक्टर जॉब करून दाखवतो, पुढची चार मुलं पाहतात, मागची मोबाइल पाहतात. वर्षानुवर्षं त्याच रीडिंगच्या जर्नली एका बॅचकडून दुसरीकडे जातात. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं टर्मवर्क उतरतं. महामारीनं आपल्याकडून चांगली प्रयोगशाळा हिरावून नेली नाही. प्रयोगशाळेच्या नावाखाली आधीच उरलेला कागद तिनं फक्त फोनवर चढवला. म्हणूनच तो बदल इतका सहज झाला, आणि म्हणूनच गुण घसरले नाहीत.

या देशाला प्रात्यक्षिकाची किंमत कळत नव्हती असंही नाही. पुण्याच्या सीओईपीची सुरुवात १८५४ साली झाली तेव्हा नावातच ‘मेकॅनिकल स्कूल’ होतं. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. शहरात गिरण्या होत्या म्हणून तिथे कापडाचं तंत्र शिकवलं गेलं. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेशिवाय पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर निकाल दिला. ज्यांना पदवी वाचवण्याची संधी मिळाली, त्यांनाही लेखीबरोबर प्रात्यक्षिकाची परीक्षा द्यावी लागणार होती. त्यानंतर तीन वर्षांत आपण सगळ्या देशाची प्रात्यक्षिकं घरी पाठवली. तेव्हा इलाज नव्हता. पण इलाज नसताना केलेली गोष्ट आज आदर्श म्हणून मिरवली जाते आहे, आणि तिथे मी आडवा येतो.

‘दूरचा विद्यार्थी’ हा शब्दच तपासायला हवा. भिवंडी मंत्रालयापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सात लाखांवर माणसं होती. माग लाखांच्या घरात आहेत. माणकोलीपासून पडघ्यापर्यंत गोदामांच्या रांगा आहेत. देशातली वीज वितरणाची पहिली फ्रँचायझी २००७ च्या प्रजासत्ताकदिनी इथेच सुरू झाली, कारण त्याआधी पुरवलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिकचे पैसे वसूलच होत नव्हते. वीजहानी या विषयाला याहून मोठी प्रयोगशाळा देशात कुठे सापडेल? आणि तरी इथल्या मुलाला आपण ‘दूरचा’ म्हणतो, कारण तो कॉलेजच्या लॅबपासून दूर आहे. कशेळीचा पूल, राजनोलीची कोंडी, शेअर रिक्षा, मग लोकल. रोजचे तीन-चार तास. लॅबपासून तो दूर आहे हे मान्य. पण यंत्रापासून दूर कोण आहे? यंत्रापासून दूर मी होतो, ठाण्याच्या घरात, हेडफोन लावून.

हे ज्यांनी ओळखलं त्यांनी वेगळं केलं. इचलकरंजीही मागांचंच गाव. तिथे दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटीनं १९८२ साली वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकीची संस्था काढली, तीही गावातल्या राजवाड्यात. माग आणि वर्ग एकाच गावात आले. भिवंडीच्या पोराला वस्त्र अभियांत्रिकी शिकायची तर माटुंग्याची व्हीजेटीआय गाठावी लागते, नाहीतर इचलकरंजीसारखं दूरचं गाव. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली मुलं तिथे वेल्डिंग करत, विहिरीसाठी पाण्याचा अंदाज घेत, घरं बांधत शिकली, आणि गावाला लागणारी कामं हाच त्यांचा अभ्यासक्रम झाला. एमआयटीनं आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब उभारायला २००२ मध्ये जी जागा निवडली, ती हीच. कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनातून आलेले शास्त्रज्ञ. त्यांना कुणी ‘तंत्रज्ञानविरोधी’ म्हणू शकणार नाही. बाहेर पाहायचं तर सिनसिनाटीत हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये मुलांना आळीपाळीनं वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. पिलानीच्या बिट्सची प्रॅक्टिस स्कूल १९७३ पासून चालू आहे. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९७१ मध्ये शिकवायला लागलं तेव्हा इंटरनेट नव्हतं. त्यांनी विद्यार्थ्यांच्या घरी टपालानं प्रयोगाचे संच पाठवले, छोटा सूक्ष्मदर्शकसुद्धा. घरी राहून शिकणाऱ्याच्या हातात वस्तू द्यायला हवी, हे पन्नास वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

आता मुलांना आसपासच्या यंत्रांपाशी प्रात्यक्षिकासाठी पाठवण्यावरचे आक्षेप. ते मला मुलांनी, मालकांनी आणि आईबापांनी तोंडावर सांगितलेले आहेत.

पहिला सुरक्षिततेचा. गाळ्यातले पट्टे उघडे, जागा अरुंद, आवाज नव्वद डेसिबलच्या वर. खरं आहे. म्हणूनच मुलांनी चालू मागाला हात लावायचा नाही, ओढणी-बाह्या आवरायच्या, कानात बोळे घालायचे, आणि शिक्षकानं आधी जागा पाहून यायची. धोका कुठे आहे हे ओळखणं हाही अभियांत्रिकीचाच भाग आहे. उघड्या पट्ट्याला जाळी कशी बसवायची, याचं ड्रॉइंग पोरानं काढलं तर ते एक चांगलं टर्मवर्क आहे, आणि गाळ्यातल्या कामगाराच्या बोटांसाठी त्याचा उपयोग जर्नलीतल्या चित्रापेक्षा जास्त आहे.

दुसरा मुलींचा. गाळ्यात मुलगी कशी जाणार? मला वाटायचं, यावर माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर एका विद्यार्थिनीनं दिलं. तिनं घरातल्या पायानं चालवायच्या शिलाई मशीनवर रायटअप लिहिलं. तेसुद्धा फोर बारच आहे. पायाखालचा पत्रा झुलतो आणि चाक फिरतं. तिनं लिहिलं होतं, आई शिवायला बसली की आधी चाकाला हातानं झोका देते, नुसत्या पायानं सुरू केलं तर चाक कधी अडतं, कधी उलटं फिरतं आणि दोरा गुंततो. डेड पॉइंट म्हणजे काय, हे मी इतकं स्वच्छ कधी समजावलं नव्हतं. ज्या दोन स्थितींत पायाचा जोर चाकाच्या मध्यातूनच जातो आणि त्याला वळवू शकत नाही, त्या तिनं मशीन हळूहळू फिरवून खडूनं चाकावर खुणावल्या होत्या. सिम्युलेशन त्या जागी अडत नाही. त्यात चाक फिरवणारा प्रोग्रॅम असतो, त्यामुळे ते प्रत्येक जागेवरून गुळगुळीत निघून जातं.

तिसरा आक्षेप एकसारखेपणाचा. प्रत्येक मुलाचा प्रयोग वेगळा, तर गुण कसे द्यायचे? द्यायला जड जाईल, हे मान्य. परीक्षकाला प्रत्येक फाइल खरोखर वाचावी लागेल. मला तो तोटा वाटत नाही.

चौथा आक्षेप मालकांचा नव्हता. मालकांनी फार अडवलं नाही. बहुतेकांनी “या, पण बुधवारी या, त्या दिवशी बीम बदलतो” असं काहीसं सांगितलं. चौथा आक्षेप त्या पद्मानगरच्या मुलाच्या वडिलांचा होता, आणि तो मला अजून टोचतो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “सर, आम्ही पोराला मागावरून उठवायला कॉलेजात घातलं. तुम्ही त्याला परत मागापाशी बसवता?”

मी लगेच बोलू शकलो नाही. त्यांचे वडील तेलंगणातून आले. दोन पिढ्यांनी रात्रपाळ्या काढल्या, कान गेले, छातीत सूत गेलं, आणि त्या कमाईतून फी भरली गेली. हाताच्या कामाचा गौरव त्यांना ऐकवण्याचा मला काय अधिकार? हाताचं काम थोर असतं, हे सांगणाऱ्यांची मुलं बहुतेक वेळा ते काम करत नसतात. या आक्षेपाला मी चर्चासत्रातल्या सगळ्या आक्षेपांपेक्षा जास्त मान देतो. तरीही मला वाटतं, तो चुकीच्या दाराशी उभा आहे. वडिलांचा राग मजुरीवर आहे, आणि तो रास्त आहे. मी मुलाला मजुरीला नेत नाही. ज्या यंत्रानं त्याच्या घराची चाळीस वर्षं घेतली, त्या यंत्राकडे त्यानं इंजिनिअर म्हणून पाहावं, मोजावं, त्याच्यातले दोष लिहावेत आणि त्याबद्दल विद्यापीठानं त्याला गुण द्यावेत, एवढंच मी मागतो. आज घडतं ते असं: बापाला जे येतं ते कॉलेजात शून्य मोलाचं, आणि कॉलेजात जे शिकवतात ते घरात कुणाला दाखवता येत नाही. मुलगा दोन्हीकडे म्यूट. मी हे वडिलांना याच शब्दांत सांगितलं. त्यांना पटलं असं म्हणणार नाही. ते म्हणाले, “बघा. पण रात्रपाळीत नको.”

त्यांची भीती निराधार नाही, याची साक्ष गोदामांच्या बाजूला मिळते. ‘अनुभवातून शिक्षण’ या नावाखाली इंजिनिअरिंगची मुलं महिनाभर बारकोड स्कॅन करत उभी राहतात आणि शेवटी इंटर्नशिपचं प्रमाणपत्र घेऊन येतात. असली प्रमाणपत्रं मी सही करायला आलेली पाहिली आहेत. पट्ट्यावरून खोकी किती वेगानं जातात, अडतात कुठे, कशामुळे, यावर एक ओळ नाही. हात हलले, पण विचारायला कुणी नव्हतं आणि सांगायलाही कुणी नव्हतं. याला मी शिक्षण म्हणणार नाही, आणि यासाठी मुलांना पाठवणाऱ्या कॉलेजांना माफही करणार नाही. अनुभव तेव्हाच शिकवतो जेव्हा कुणीतरी शेजारी बसून “असं का झालं?” विचारतं. दूर बसलेल्या शिक्षकाचं खरं काम तेच आहे, आणि ते फोनवरून उत्तम करता येतं. फोनचा विरोध मी इथे करतच नाही.

सिव्हिलच्या मुलांचंही एक लिहायलाच हवं. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. सुमारे चाळीस माणसं गेली. त्या आठवड्यातही भिवंडीतली सिव्हिलची मुलं ऑनलाइन तासांना बसत होती. त्यांच्या शहरात अशा कितीतरी इमारती उभ्या होत्या, आहेत. भेग कुठल्या दिशेनं जाते, स्लॅबचं पाणी कुठे मुरतं, कॉलमचं लोखंड कुठे फुगलंय, हे वाचायला शिकणं यासाठी त्यांना त्यांच्या गल्लीपलीकडे जावं लागलं नसतं. ते निर्णय देणार नाहीत, देऊही नयेत. पण पाहायला, नोंदवायला आणि जाणत्याला दाखवायला शिकतील. त्या मुलांच्या टर्मवर्कमध्ये शहर कुठेच नव्हतं.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक विषयाच्या दहा प्रात्यक्षिकांपैकी निदान तीन मुलानं आपल्या राहत्या जागेच्या आसपास शोधलेली असावीत, आणि विद्यापीठानं ती टर्मवर्क म्हणून नियमानं धरावीत. उपकरणं नाहीत असं म्हणू नये. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं २०१६ मध्ये ‘फायफॉक्स’ नावाचं फुकट अ‍ॅप काढलं. साध्या फोनमधल्या सेन्सरवर कंपन, आवाज, वेग मोजता येतो. जॉबर, फिटर, वायरमन यांना कॉलेजनं मानधन देऊन वर्गात आणावं, निदान व्हिडिओ कॉलवर. यंत्रमाग सेवा केंद्रं आहेत, त्यांचं दार मुलांना उघडावं. आणि ओरल घेताना मुलाला त्या यंत्राशेजारी उभं राहून बोलू द्यावं.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी रेड अलर्ट आला, कॉलेजला सुट्टी झाली आणि तास पुन्हा घरून घ्यावा लागला. मी सुरुवातीलाच सगळ्यांना माइक उघडे ठेवायला सांगितलं. कुठे पावसाचा पत्रा वाजत होता, कुठे कुकरची शिट्टी. भिवंडीच्या एका मुलाकडून तोच आवाज आला, खटाक-खटाक. तो वडिलांच्या फोनवरून तासाला बसला होता आणि त्याचा स्वतःचा फोन त्यानं खाली गाळ्यात मागाच्या चौकटीवर टेकवला होता. मिनिटाला फेरे किती, हे काढायचं होतं. फोननं सांगितलं, सेकंदाला २.५३, म्हणजे मिनिटाला १५२. वरच्या शाफ्टचे फेरे डोळ्यांनी मोजणं अवघड, म्हणून त्यानं निम्म्या वेगानं फिरणाऱ्या खालच्या शाफ्टवर खडूची खूण केली होती. ते मोजले ७४, म्हणजे १४८.

“सर, खडू खोटा की फोन?”

वर्गात मतं पडली. मोटर लोडवर मंदावते, व्होल्टेज कमी असेल, त्यानं मोजताना दोन फेरे चुकवले असतील, शेजारच्या मागाचं कंपन जमिनीतून आलं असेल. मग एका मुलीनं विचारलं, फोनवर किती वेळ रेकॉर्ड केलंस? दहा सेकंद. ती म्हणाली, दहा सेकंदांत फोनला सेकंदाला एका फेऱ्याच्या दहाव्या भागाइतकाच फरक ओळखता येतो, म्हणजे मिनिटाला सहा फेरे इकडे किंवा तिकडे. पूर्ण एक मिनिट घे, मग भांडू.

तो खाली गेला आणि त्यानं फोन पुन्हा चौकटीवर टेकवला. साठ सेकंद वर्गात कुणीच बोललं नाही. पंचेचाळीस घरांत माग ऐकू येत होता.